चाळीस मिनिटं आधी?

समजा, भूकंपाच्या चाळीस मिनिटं आधी तुमचा मोबाइल वाजला, तर? शाळा रिकाम्या करता येतील, ट्रेन थांबवता येतील.

जपानच्या कोसुके हेकी यांनी अशी आशा जागवली होती. ११ मार्च २०११ला तिथे तोहोकूमध्ये ९ तीव्रतेचा भूकंप झाला. हेकींनी त्या दिवसाचा जीपीएसचा डेटा तपासला. उपग्रहाचा सिग्नल आयनोस्फिअर या विद्युतभारित थरातून येताना इलेक्ट्रॉनमुळे किंचित रेंगाळतो. किती रेंगाळला, त्यावरून वर इलेक्ट्रॉन किती ते कळतं. धक्क्याआधी साधारण ४० मिनिटं ते वाढू लागल्याचं हेकींना दिसलं. भारीच ना?

पण इतर संशोधकांनी साधा प्रश्न विचारला : वाढले म्हणजे कशाच्या तुलनेत? भूकंपानंतर त्सुनामीमुळे वरचे इलेक्ट्रॉन खरोखरच घटले होते. हेकींनी तुलनेसाठी आधीची आणि नंतरची पातळी जोडून रेघ काढली होती. नंतरचं टोक खाली गेलं की रेघ झुकणार आणि मधला भाग आपसूक उंच दिसणार! हेकींनी यावर उत्तर दिलं. पण वाद काही मिटला नाही. त्यात सूर्यावरच्या घडामोडींनीही हा थर ढवळतो, अगदी खाली काहीच हलत नसताना.

जपानमध्ये आज मोबाइल वाजतात, ते भूकंप सुरू झाल्यावर, पहिल्या हलक्या लहरी पकडून. हातात उरतात काही सेकंद. केंद्राजवळ असाल, तर तेवढेही नाहीत.