साडेचव्वेचाळीस मिलिमीटरचा न्याय

जुलै महिन्यात डोंबिवलीत कॅरमचा डाव मांडायचा तर आधी बोर्ड तापवावा लागतो. वरचा बल्ब अर्धा तास आधीच लावून ठेवायचा, सुती फडकं फिरवायचं, मग बोरिक पावडर. एवढं करूनही पाऊस लागून राहिला असेल, तर स्ट्रायकर मध्येच रेंगाळतो आणि चारपैकी एखादा कोपरा हटकून दगा देतो. सोंगटी भोकाच्या तोंडापर्यंत नीट जाते आणि तिथेच थबकते. जवळून पाहिलं की कारण कळतं. ओल धरून प्लायची कड केसभर फुगलेली असते, तिच्या आतल्या अंगाला पावडरचा चिकट थर बसलेला असतो, आणि खालच्या जाळीची गाठ भोकात डोकावत असते. "हा होल नाटकं करतो," असं म्हणत पोरं खेळत राहतात. नाटकं सगळ्यांनाच सोसायची असतात, त्यामुळे भांडण होत नाही.

भांडण होतं ते कोणी विक्रम केला की. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात गणेशोत्सवातल्या मंडळाच्या स्पर्धेपासून राज्य मानांकन स्पर्धेपर्यंत कॅरमची वर्दळ वर्षभर असते. त्या स्पर्धांच्या बातम्या वाचणाऱ्याला एक ओळ पाठ असते: स्पर्धेत इतक्या व्हाइट स्लॅमची आणि इतक्या ब्लॅक स्लॅमची नोंद झाली. ब्रेक करणाऱ्याने आपल्या पहिल्याच पाळीत नऊच्या नऊ पांढऱ्या आणि राणी घेतली, की व्हाइट स्लॅम. दुसऱ्या खेळाडूने आपल्या पहिल्या पाळीत काळ्यांचं तसंच केलं, की ब्लॅक स्लॅम. अशा बोर्डाचे नऊ अधिक राणीचे तीन मिळून बारा गुण होतात, आणि गेम असतो पंचवीसचा. म्हणजे एका पाळीत जवळपास निम्मा गेम खिशात. समोरचा नुसता हाताची घडी घालून बसलेला. काही ठिकाणी स्लॅमला वेगळं रोख बक्षीसही असतं. आणि हा खेळ आता नुसता गॅलरीतला राहिलेला नाही. रिझर्व्ह बँक, जैन इरिगेशन अशा संस्थांच्या संघांतून महाराष्ट्राचे खेळाडू खेळतात. नावापुढे किती स्लॅम लागले, याला तिथे वजन असतं.

म्हणूनच त्या भोकाची चौकशी करणं भाग आहे.

१९८८ मध्ये चेन्नईत आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ स्थापन झाला. त्याच्या नियमपुस्तकात बोर्डाचं वर्णन एखाद्या यंत्राच्या आराखड्यासारखं आहे. खेळण्याची जागा चौरस, साडेत्र्याहत्तर ते चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. प्लाय किमान ८ मिलिमीटर जाड. सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर, वजन ५ ते साडेपाच ग्रॅम. स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटरचा आणि १५ ग्रॅमचा. पृष्ठभाग किती गुळगुळीत असावा याचं माप तर मोठं गमतीचं आहे: जोरात मारलेल्या स्ट्रायकरने या फ्रेमवरून त्या फ्रेमवर किमान साडेतीन फेऱ्या मारल्या पाहिजेत. प्रयोगशाळा लागत नाही, एक दणकट बोट पुरतं. भोकाखालच्या जाळीत किमान दहा सोंगट्या मावल्या पाहिजेत, असंही लिहिलेलं आहे. नऊ सोंगट्या आणि राणी एकाच कोपऱ्यात गेली, तरी शेवटच्या सोंगटीला खालच्या ढिगाने अडवू नये. हा नियम लिहिणाऱ्याने कधीतरी तुंबलेलं भोक पाहिलेलं असणार.

आणि खुद्द भोक? व्यास ४.४५ सेंटिमीटर, म्हणजे साडेचव्वेचाळीस मिलिमीटर. त्यावर दीड मिलिमीटरची सूट, कमी किंवा जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ४३ मिलिमीटरचं भोक कायदेशीर आणि ४६ मिलिमीटरचंही कायदेशीर, आणि या दोघांच्या क्षेत्रफळात चौदा टक्क्यांचा फरक पडतो. ठाण्याच्या बोर्डावरचा स्लॅम आणि कल्याणच्या बोर्डावरचा स्लॅम नोंदवहीत शेजारी शेजारी बसतात. त्या दोन बोर्डांत एवढा फरक असू शकतो, तोही नियम न मोडता.

कॅरमची बाजू घ्यायची तर एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. या खेळात मोठं भोक ही निव्वळ मेजवानी नसते. स्ट्रायकर सोंगटीपेक्षा सेंटिमीटरभर रुंद असतो. ४३ मिलिमीटरच्या भोकात ४१.३ मिलिमीटरच्या स्ट्रायकरला जेमतेम पावणेदोन मिलिमीटर मोकळीक मिळते, त्यामुळे बऱ्याचदा तो काठावर आपटून परत येतो. ४६च्या भोकात तीच मोकळीक पावणेपाचच्या घरात जाते, आणि सोंगटीमागून स्ट्रायकरही बिनबोभाट आत उतरतो. मग ड्यू भरा. भोक जेवढं उदार, तेवढं ते स्ट्रायकरही गिळतं. खेळाच्या रचनेतच असलेली ही वेसण बिलियर्ड टेबलाला नाही, कारण तिथे मारायचा चेंडू आणि घालवायचा चेंडू एकाच आकाराचे असतात.

मोठ्या भोकावरचा सर्वांत बोलका निवाडा स्नूकरमध्ये झाला. जानेवारी १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या स्लाउ गावी होल्स्टन लागर इंटरनॅशनल स्पर्धेत जॉन स्पेन्सरने क्लिफ थॉर्बर्नविरुद्ध १४७ गुणांचा ब्रेक केला. स्नूकरमध्ये एका पाळीत याहून जास्त सहसा होतच नाही. पण टेबलाची पॉकेटं प्रमाण मापापेक्षा रुंद निघाली आणि तो ब्रेक अधिकृत यादीत गेला नाही. वर दुर्दैव असं, की त्या वेळी टीव्हीचे कॅमेरेही बंद होते. तीन वर्षांनी, ११ जानेवारी १९८२ ला ओल्डहॅममध्ये स्टीव्ह डेव्हिसने टीव्हीसमोर पहिला अधिकृत १४७ केला आणि बक्षीस म्हणून लाडा मोटार नेली. त्या फ्रेममध्ये समोर खुर्चीत बसून पाहणारा खेळाडू होता जॉन स्पेन्सर.

स्पेन्सरवर अन्याय झाला का? त्याने टेबल बनवलं नव्हतं, निवडलंही नव्हतं. त्याच टेबलावर थॉर्बर्नही खेळत होता, म्हणजे सामन्यापुरता हिशेब चोख होता. गफलत पुढे होते. सामना दोघांत असतो, आणि दोघांना एकच भोक मिळतं. कॅरममध्ये तर गेम संपला की खेळाडू बाजू बदलतात, त्यामुळे रुसलेला कोपरा एकाच्याच वाट्याला कायमचा येत नाही. विक्रम मात्र अशा माणसाशी असतो, जो तिथे हजर नाही. तो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या बोर्डावर खेळून गेलेला असतो. त्याला बाजू बदलून मिळत नाही. स्पेन्सरचा सामना वैध आणि विक्रम अवैध, हा निकाल वरवर विचित्र वाटला तरी बरोबर होता.

पॉकेटच्या तोंडाशी याहून मोठा तमाशा १९०७ मध्ये झालेला आहे. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये टॉम रीसने दोन चेंडू कोपऱ्यातल्या पॉकेटच्या जबड्यात असे अडकवून ठेवले, की आपला चेंडू हळूच दोघांना लावत राहिलं तरी ते जागचे हलेनात. दर खेपेला दोन गुण. आठवड्यांमागून आठवडे तो तेवढंच करत राहिला आणि आकडा ४,९९,१३५ वर नेला. म्हणजे जवळपास अडीच लाख वेळा तोच फटका. प्रेक्षक आणि पत्रकार पूर्ण वेळ हजर नव्हते, म्हणून ही नोंद अधिकृत धरली गेली नाही. त्याच वर्षीचा विल्यम कुकचा ४२,७४६ चा ब्रेक मान्य झाला, आणि लगोलग त्या फटक्यावर बंदी आली. इथे पॉकेटमध्ये खोट नव्हती. त्याच्या घडणीतली फट एका माणसाने ओळखली होती, इतकंच.

अमेरिकेत चालणाऱ्या स्ट्रेट पूलमध्ये हा वाद आजही धुमसतो. पंधरापैकी चौदा चेंडू घालवायचे, पंधरावा टेबलावर ठेवून चौदा पुन्हा रचायचे आणि चूक होईपर्यंत चालत राहायचं. विली मॉस्कोनीने मार्च १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला सलग ५२६ चेंडू घालवले. साक्षीदारांनी सह्या करून प्रतिज्ञापत्र दिलं. ते टेबल आठ फुटी होतं, स्पर्धांतल्या टेबलांपेक्षा लहान, आणि हा मुद्दा त्याच्या टीकाकारांनी कधी सोडला नाही. तो आकडा साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. २०१९ च्या मे महिन्यात जॉन श्मिटने कॅलिफोर्नियातल्या माँटरेला ६२६ केले, जानेवारी २०२२ मध्ये जेसन शॉने व्हर्जिनियात ७१४. दर वेळी कौतुकामागोमाग तेच प्रश्न आले: टेबल केवढं होतं, पॉकेटचं तोंड किती, कड कोणत्या कोनात कापलेली? पूलच्या नियमांत कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार ते ४.६२५ इंच सांगितलेलं आहे आणि चेंडू सव्वादोन इंचांचा, म्हणजे दोन चेंडू खेटून मावतील एवढी जागा. त्यात पाव इंचाची ढिलाई आली, तर पन्नास चेंडूंच्या खेळीत ती कदाचित जाणवणारही नाही. सातशेच्या खेळीत ती दर फटक्याला थोडी थोडी मदत करत राहते. लांब खेळीचा हाच स्वभाव आहे: टेबलाची लहान खोट ती सातशे वेळा वापरते.

उलट बाजूची खोटही तितकीच खरी. चामडी पिशवीच्या पॉकेटात चेंडू साठले की पुढचा चेंडू त्यांच्यावर आपटून बाहेर उडतो. झिजलेल्या कडेवरून नीट आलेला चेंडूही ओकला जातो. ठाणे-डोंबिवलीत दुकानांच्या वरच्या मजल्यांवरच्या पूल पार्लरमध्ये खेळणाऱ्यांना हे नवं नाही. तासाच्या भाड्याने चालणारं टेबल आणि कोपऱ्याशी फाटलेल्या कापडाला लावलेली चिकटपट्टी ही जोडी त्यांच्या ओळखीची आहे. तिथे कोणी विक्रम मोजत नाही, म्हणून चालून जातं.

महाराष्ट्राला तर मोठ्या ब्रेकची परंपराच आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ चा ब्रेक करून हौशी खेळाडूंसाठी हजाराची वेस ओलांडली. १९९२ मध्ये मुंबईतच झालेल्या व्यावसायिक जागतिक स्पर्धेत गीत सेठींनी १२७६ केले. या आकड्यांकडे कोणी बोट दाखवत नाही. त्यामागे कौशल्य आहेच, पण बिलियर्ड्स-स्नूकरच्या जगाने टेबल तपासायला प्रमाण टेम्प्लेट वापरात आणलं, हेही कारण आहे. पॉकेटच्या तोंडात तो साचा बसवायचा, बसला तर टेबल पास. अंदाज नाही, मतभेद नाही.

कॅरमचे पंच काही कमी काटेकोर नाहीत. परीक्षा देऊन पंच होतात, स्ट्रायकर वजनकाट्यावर ठेवतात, पावडर कुठे आणि किती यावर नजर ठेवतात. मोठ्या स्पर्धांना नामांकित कंपन्यांचे नवे बोर्ड येतात आणि त्यांची भोकं बहुतेक एकसारखी असतात. प्रश्न येतो तो खालच्या पायरीवर. तालुक्याच्या, मंडळाच्या, शाळेच्या स्पर्धेत पाच-सहा पावसाळे पाहिलेले बोर्ड बाहेर निघतात. सँडपेपरने घासून घासून एखाद्याचं भोक ऐसपैस झालेलं असतं, तर एखाद्याचं फुगून आवळलेलं. चौदा वर्षांच्या मुलीने तिथे पहिला स्लॅम केला, तर त्याची नोंद होते. बोर्ड नंतर माळ्यावर जातो आणि त्याचं माप कोणालाच माहीत नसतं. आकड्यावर शंका घेणाऱ्यालाही काही सिद्ध करता येत नाही, आणि तिची बाजू घेणाऱ्यालाही.

याचा इलाज ठाणे-डोंबिवलीइतका दुसरीकडे क्वचितच सोपा असेल. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याला विचारा, तो गो-नो-गो गेज रोज हाताळतो. त्याच्याकडून दोन चकत्या काढून घ्याव्यात, एक ४३ मिलिमीटरची, दुसरी ४६ची. पहिली चारही भोकांतून सहज खाली गेली पाहिजे, दुसरी अडकली पाहिजे. नाही जमलं तर तो बोर्ड खेळायला ठेवावा, नोंदीला धरू नये. शिवाय व्हर्नियरने चारही भोकांचं खरं माप घेऊन स्कोअरशीटच्या डोक्यावर लिहावं. पंचांना यासाठी पाच मिनिटं लागतील. मंडळांनी या गणेशोत्सवापासून सुरुवात करावी, आणि जिल्हा संघटनेने स्लॅमच्या नोंदीत खेळाडूच्या नावाशेजारी बोर्डाच्या मापाचा एक रकाना वाढवावा.