ग्रंथाचा समास
वाचतांना ग्रंथांत खुणा कराव्यात कीं नाहीं? परतवाड्यासारख्या गांवीं वाचनालयाची एकच प्रत अनेक घरीं फिरते, तेथें हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. हस्तलिखितांच्या काळीं समासांतली टीप मूळ समजून पुढचा लेखक उतरवी आणि पाठ बिघडे. पाठभेदांनीं दूषित झालेली ज्ञानेश्वरी श्रीएकनाथमहाराजांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें शुद्ध केली आणि तींत कोणीं स्वतःची ओवी घालूं नये, असें बजाविलें. आमच्या मतें स्वतःच्या ग्रंथावर शिसपेन्सिलीनें खूण अवश्य करावी. आजोबा कोठें विचारांत थबकले, हें नातवास तीवरून कळतें. वाचनालयाच्या ग्रंथासाठीं मात्र निराळी वही ठेवावी. दुसऱ्याच्या वाचनावर आपली रेघ ओढण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?