परतीचे तिकीट

मराठवाड्याच्या माणसाची आणि समुद्राची ओळख तशी पुस्तकातलीच. आमच्या छत्रपती संभाजीनगरहून मुंबईचा समुद्र गाठायचा तर रस्त्याने तीनशेवर किलोमीटर जावे लागते. जवळचे मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. त्याला सागर म्हटले तरी तो शेवटी गोदामाईचाच पदर! वर्गात समुद्रावरची कविता मी वीस वर्षे शिकवीत आलो, पण भरतीची वेळ रोज का बदलते असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर भूगोलाच्या प्राध्यापकांकडे बोट दाखवून मोकळा होत असे. तेव्हा गेल्या हिवाळ्यात सौभाग्यवतीने "आता एकदा खरा समुद्र दाखवा," असे फर्मावले, त्यात गैर काहीच नव्हते. तिने बेटही निवडून ठेवले होते : अंदमान.

मराठी माणसाच्या मनात या शब्दाशेजारी दुसरा शब्द उभा असतो, काळे पाणी. नातेवाईकांना बेत सांगितला तेव्हा निम्म्यांनी "वा, मजा आहे!" म्हटले आणि निम्म्यांनी न कळत हात जोडले. सहलीला निघालो की यात्रेला, हे आमचे आम्हांलाच उमगेना.

चेन्नईहून विमान उडाले की दोनएक तासांत खाली हिरवी बेटे दिसू लागतात. कुणी ताटात पाचूचे खडे सांडावेत तशी! त्यांच्या कडेने पाण्याचा रंग आधी दुधी, मग पोपटी, मग मोरपिशी आणि पुढे गर्द निळा. सौ. खिडकीला नाक लावून बसली होती. मध्येच वळून म्हणाली, "अहो, काळे कुठे आहे हो यात?"

पोर्ट ब्लेअरचे नाव 2024 पासून श्रीविजयपुरम झाले आहे. विमानतळाला सावरकरांचे नाव आहे. याच गावी 4 जुलै 1911 रोजी सावरकरांना 'महाराजा' नावाच्या जहाजातून मद्रासहून आणले गेले. आम्ही उतरलो ते हातात नारळपाण्याचा शहाळा घेऊन. दुपारचे पाच वाजले आणि सूर्य मावळतीला टेकला! घड्याळ सगळ्या देशाचे एक, पण हे गाव आमच्या गावाच्या सुमारे सतरा रेखांश पूर्वेला. म्हणजे इथला सूर्य जवळजवळ 70 मिनिटे पुढे धावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्युलर जेल पाहिला. 1896 ते 1906 या दहा वर्षांत तो बांधला गेला. चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या. आज तीन उरल्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैद्याचा चेहरा दिसू नये. समुद्र एवढा शेजारी, पण झरोका इतका उंच की हात पोहोचू नये. अंगणात कोलू आहे. त्याला माणूस जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावीत. आदल्या दिवशीच्या शहाळ्याची गोडी माझ्या जिभेवर एकाएकी कडवट झाली. भिंतीवरच्या नावांत मराठी थोडी, बंगाली आणि पंजाबी फार. आपण मराठी लोक एकाच कोठडीशी थबकतो. पण दर्शन सगळ्यांचे घ्यावे.

तिथे कळलेली एक गोष्ट मनातून जाईना. कैद्याला बिल्ला घालावा लागे. त्यावर क्रमांक, शिक्षा आणि सुटकेची तारीख. इंग्रजीत त्याला 'तिकीट' म्हणत! सावरकरांच्या बिल्ल्यावर सुटकेचे साल होते 1960. माझ्या खिशातही तिकीट होते, परतीचे, आठव्या दिवसाचे.

संध्याकाळी सौ.ने विचारले, "उद्या त्या पांढऱ्या वाळूच्या बेटावर जायचं ना? मग तिथे हसलं तर चालेल का हो?" प्रश्न साधा, पण माझ्यातल्या प्राध्यापकाला उत्तर सुचेना.

ते पांढऱ्या वाळूचे बेट म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक. बोटीने दोन-अडीच तासांचे अंतर. हॅवलॉक म्हणजे 1857 चा उठाव मोडणारा इंग्रज सेनापती. शेजारच्या बेटाला नाव नीलचे. तोही त्याच कामाचा. आमच्या शहरातल्या छावणीतले घोडदळही त्याच वर्षी जूनमध्ये उठले होते. काळ्या चबुतऱ्यावर, म्हणजे आजच्या क्रांती चौकात, त्याची शिक्षा झाली. मार्च 1858 मध्ये उठावातले पहिले दोनशे कैदी अंदमानात उतरवले गेले. हरलेले बेड्यांत आणि जिंकलेल्यांची नावे बेटांवर! 2018 साली ही नावे बदलली. आता ती स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत. गावांची नावे मात्र फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ठेवलेली : गोविंदनगर, श्यामनगर, राधानगर. घरदार गेलेल्या माणसांनी येताना देव तेवढे बरोबर आणले.

राधानगरच्या किनाऱ्यावर आम्हांला सोडणारा रिक्षावाला मूळचा पोर्ट ब्लेअरचा. त्याचे पणजोबा जन्मठेपेवर आलेले. बरी वागणूक असलेल्या कैद्यांना काही वर्षांनी तुरुंगाबाहेर शेती करू देत, कैदी स्त्रियांशी लग्नही लावून देत. अशा घरांत प्रांत आणि जात मिसळून गेली, भाषा उरली हिंदुस्तानी. सौ.ने आपला प्रश्न त्यालाच विचारला. तो हसून म्हणाला, "ताई, आमची लग्नं, बारशी इथेच होतात. आम्ही हसायचं नाही तर कुठे जायचं?"

वाचकहो, या एका वाक्याने माझ्या मनातली सहल आणि यात्रा यांची गाठ सुटली. कैदी आले, निर्वासित आले. त्यांतल्या फार थोड्यांच्या हाती परतीचे तिकीट होते. जे राहिले त्यांनी काळ्या पाण्याच्या काठी भात लावला, नारळ लावले, पाळणे हलवले. बेटाला घर त्यांनी केले. आपल्यासारखे हौसेने येणारे अगदी अलीकडचे. आपल्या आनंदाने त्या दुःखाचा अपमान होत नाही. अपमान होतो तो न विचारता, न पाहता परतण्याने.

हे मी मोठ्या गांभीर्याने सांगत होतो, तोवर सौ. चपला माझ्या हाती देऊन गुडघाभर पाण्यात पोहोचलीसुद्धा! लाट आली की ती लहान मुलीसारखी किंचाळत होती.

आपण जाणार असाल तर जरूर जा. आधी तुरुंग पाहा, मग किनारा. शिंपले, प्रवाळ जिथल्या तिथे राहू द्या. तसा तिथला दंडकच आहे. सोबतीला असे माणूस न्या की जे कोठडीपुढे गप्प राहील आणि लाटेपुढे गप्प राहणार नाही. आणि परतीचे तिकीट नीट जपून ठेवा. ते किती मोलाचे आहे, हे अंदमानाइतके कुठलेही गाव शिकवीत नाही.