एकाचा ठेवा, दुसऱ्याच्या ओसरीत

अमेरिकेत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा महिना लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या वारशासाठी राखलेला असतो. १९६८ साली तो आठवड्यापुरता होता, १९८८ मध्ये महिन्याचा झाला. ग्वाटेमाला, होंडुरास यांच्यासह मध्य अमेरिकेतल्या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन १५ सप्टेंबरला येतो, म्हणून सुरुवात त्या दिवशी. भित्तिचित्रे, खाद्यजत्रा, समाजातल्या कर्त्या माणसांची ओळख असा एकूण थाट. साधारण त्याच दिवसांत कोल्हापूर जिल्ह्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडात गणपती बसतात, आणि त्यांतले काही मशिदींत बसतात. कला, खाणे आणि आदर्श माणसे हीच तिन्ही सूत्रे इथेही आहेत. पण कुरुंदवाड त्यापलीकडचे काही शिकवते. ज्याचा वारसा त्यानेच मिरवला तर तो मिरवणुकीपुरता उरण्याची भीती असते; शेजाऱ्याने तो जपला की त्याला आयुष्य मिळते.

आधी गाणे घेऊ. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडातला. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळे अधू झाले, आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला गेला. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि दरबारातले गाणे मध्यमवर्गीय घरांत नेले. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामागची परंपरा मात्र क्वचितच सांगितली जाते. बाळकृष्णबुवांचे गुरू वासुदेवबुवा जोशी, आणि वासुदेवबुवांची तालीम ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँ यांच्या घरातली. या हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हेही हद्दू खाँचेच शागीर्द. गुरुपुत्र विपन्नावस्थेत भटकतो आहे असे पाहून छत्र्यांनी त्यांना जवळ केले, सर्कशीबरोबर गावोगाव नेले, त्यांच्या मैफली घडवल्या. छत्र्यांच्या मागे त्यांच्या घरच्यांनी हा सांभाळ चालू ठेवला, आणि १९२२ साली रहिमत खाँनी अखेरचा श्वास घेतला तो कुरुंदवाडात. ज्या घराण्याची गायकी या गावच्या मुलाने देशभर नेली, त्या घराण्याचा वारस याच गावच्या मातीत विसावला. माझ्या मते पलुस्करांच्या जन्मापेक्षाही ही गोष्ट गावाने अधिक अभिमानाने सांगावी.

आता सण आणि खाणे. गावातल्या कारखाना, बैरागदार, ढेपणपूर अशा मशिदींत कित्येक वर्षे गणपतीची प्रतिष्ठापना होते. एकूण पाच मशिदींची नावे त्यात घेतली जातात. २०१८ ते २०२० ही सलग तीन वर्षे मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले. पंजे आणि मूर्ती एका छताखाली, एकीकडे मोदक, दुसरीकडे गव्हाच्या पिठाचे गोड चोंगे आणि मलिदा. या पदार्थांना मी सजावट समजत नाही. चोंगे करायचे तर पीठ मळायला, तळायला, वाटायला माणसे लागतात, आणि दुसऱ्याच्या सणाचा नैवेद्य आपल्या घरात पोचतो तेव्हा त्या सणाचे वेळापत्रकही घरात येते.

यावर पहिला आक्षेप असा की मोदक-चोंग्यांनी दंगली थांबत नाहीत. तो खरा आहे. जवळच्याच मिरजेत २००९ साली गणेशोत्सवातच दंगल उसळली आणि जून २०२३ मध्ये कोल्हापूर शहर पेटले. सण आपोआप माणसे जोडत नाही. तो भांडणाचे निमित्तही होतो. म्हणूनच तो कोणाच्या हातात आहे हे पाहावे लागते. मशिदीतल्या गणपतीसाठी मंडळ आणि मशीद यांना जागा, वेळ, वाद्ये यांवर दरवर्षी बोलावेच लागते, आणि बोलण्याची ही सवयच तणावाच्या दिवशी हाताशी येते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. इतिहासकार जानकी बखले यांनी २००५ च्या ‘टू मेन अँड म्युझिक’ या पुस्तकात दाखवले की पलुस्करांच्या चळवळीने संगीताला हिंदू भक्तीचा रंग दिला आणि मुसलमान उस्ताद बाजूला पडत गेले. मग अशा माणसाला आदर्श का म्हणावे? मला हा आक्षेप टाळता येत नाही, पण त्यावरून पलुस्करांना वगळावे असेही वाटत नाही. त्यांच्याशेजारी रहिमत खाँचे नाव आले पाहिजे. एकाच्या अभिमानात दुसऱ्याचे नाव झाकले जाणे कॅलिफोर्नियातही घडले. १९६५ चा डेलानोचा द्राक्षमळ्यांतला संप लॅटिनो अभिमानाची खूण मानला जातो, त्यातून कामगार नेत्या डोलोरेस ह्युर्टा यांचे नाव मोठे झाले. पण ८ सप्टेंबरला तो सुरू केला लॅरी इट्लियाँग यांच्या नेतृत्वाखालच्या फिलिपिनो मजुरांनी, मेक्सिकन मजूर आठवडाभराने सामील झाले. इट्लियाँगचे नाव कितीतरी वर्षे मागे राहिले.

हिजरी चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने मोहरम आणि गणपती आता २०५० च्या सुमारासच पुन्हा एकत्र येतील. तोवर योगायोगाचा आधार नाही. शाळेत पलुस्कर जयंती साजरी करताना रहिमत खाँची जुनी ध्वनिमुद्रणे मुलांना ऐकवता येतील, चोंग्यांची कृती जाणत्या बायकांकडून लिहून घेता येईल. यातल्या कशालाही सरकारी मंजुरी लागत नाही.