जुनी रायफल काय सांगते?

नर्मदेच्या पात्रातून, संगमरवरी कड्यांच्या मधून, चांदण्या रात्री नावेने गेलेला प्रवासी भेडाघाट कधी विसरत नाही. जबलपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवरील या स्थळाचे वर्णन कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य भारतावरील ग्रंथात केले आहे. हा फोर्सिथ वनाधिकारी होता, शिकारी होता आणि रायफलींचा अभ्यासकही होता. मोठ्या व्यासाच्या नळीत आट्यांचा पीळ अगदी सावकाश ठेवावा, गोल गोळी व भरपूर दारू वापरावी, असा त्याचा आग्रह होता. त्यामुळे एखाद्या जुन्या रायफलीच्या नळीत आटे जवळजवळ सरळच गेलेले दिसले, तर जाणकाराला फोर्सिथचे नाव आठवते.

वाचकहो, आपल्याही घराण्यात आजोबा-पणजोबांची अशी एखादी रायफल असेल. ती कोठली आणि किती जुनी, हे कसे ओळखावे?

प्रथम सावधगिरी. जाणत्या परवानाधारक बंदूकसाजाकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्या. मग नळीवरील नाव वाचा. पण तेवढ्यावर विसंबू नका. कलकत्त्याच्या रोडा कंपनीसारखे व्यापारी विलायतेहून माल मागवीत व त्यावर आपले नाव कोरवीत. १९१४ साली क्रांतिकारकांनी याच कंपनीची ५० माउझर पिस्तुले पळविली होती. म्हणजे नाव विक्रेत्याचे, जन्म मात्र दुसरीकडचा!

खरी जन्मपत्रिका नळीच्या खालच्या अंगास, दस्त्याजवळ असते. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी जादा दारू भरून तपासली जाई व तीवर छाप उमटविला जाई. लंडनचा छाप वेगळा, १८१३ साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा वेगळा. मुकुटाखाली एकमेकांवर ठेवलेले दोन राजदंड दिसले तर ते बर्मिंगहॅम समजावे. 'नायट्रो' हा शब्द असेल, तर ती नळी निर्धूम दारूसाठी तपासलेली, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची किंवा त्यानंतरची.

काडतुसाचे मापही बोलके असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० मापाच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास बंदी घातली. कारण त्या मापाच्या गोळ्या जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलींसाठी उपयोगी पडण्याची भीती होती. कारखानदारांनी लगेच .४६५, .४७० अशी नवी मापे काढली. तेव्हा .४६५ हे माप दिसले, की रायफल त्या बंदीच्या सुमाराची किंवा नंतरची, असे म्हणता येते.

लष्करी रायफलीवरून शिकारीची केलेली असेल, तर लोखंडी गळ्याच्या उजव्या बाजूस मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव व वर्ष सापडते. 'इशापूर' असे असेल, तर ती बंगालमधील आपल्याच कारखान्याची. जबलपुरातही १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. त्यामुळे या परिसराला लोखंड व दारूकाम नवे नाही.

एक धोका मात्र मनावर कोरून ठेवा. काळ्या दारूसाठी घडविलेल्या नळीत निर्धूम दारूचे काडतूस बसते म्हणून ते झाडू नये. त्या दारूचा दाब जुनी नळी सोसू शकत नाही. ती फुटते आणि हाताबरोबर डोळेही घेऊन जाते. पट्ट्या पिळून जोडलेली, नक्षीदार दिसणारी नळी तर विशेष जपावी.

कायद्याचेही भान हवे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार वारशाने आलेल्या रायफलीलाही परवाना लागतो. तो नसेल, तर तिची माहिती पोलीस ठाण्यास देऊन ती रीतसर जमा करावी, लपवून ठेवू नये. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे ते युग संपले आहे.

पण त्या युगाचे छाप अजून वाचता येतात. आजोबांच्या गोष्टीत रायफल 'राजाने भेट दिलेली' असते. छाप कदाचित बर्मिंगहॅमच्या साध्या कारागिराचे नाव सांगेल. त्याने आजोबांचे मोल कमी होत नाही. कुटुंबाच्या आठवणीला खऱ्या इतिहासाचा आधार मात्र मिळतो.