दिसायला चांगली, मग असले चाळे कशाला?

रात्रीची जेवणे आटोपली होती आणि टीव्हीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' चालू होती. नम्रता संभेराव मान वेळावून, डोळे फिरवून कोणा बाईची नक्कल करीत होती. आमचे सारे घर पोट धरून हसत होते, सासूबाईही. पदराने डोळे पुसता पुसता त्या म्हणाल्या, "पोरगी दिसायला किती गोड आहे गं! मग असली वेडीवाकडी तोंडं कशाला करते?"

विनोदी नटाविषयी त्यांनी असे विचारल्याचे मला आठवत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर खुशाल नायिकेचा हात धरून नाचला, आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही. बाई हसवू लागली, की आम्ही आधी तिच्या रूपाचा हिशेब मांडतो. रूप असले तर ते फुकट घालवते म्हणून हळहळतो. नसले तर, 'मग दुसरं काय करणार बिचारी!' म्हणून मोकळे होतो.

हे आजचे नव्हे. तमाशातल्या गवळणी नटूनथटून मथुरेच्या बाजाराला निघतात. त्या देखण्या हव्यात. त्यांच्याबरोबरची हसवणारी मावशी मात्र परंपरेने पुरुष! अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'तली मावशी पुरुष, आणि 'अशी ही बनवाबनवी'तल्या (१९८८) सुधा-पार्वतीही पुरुषच. बाईवर हसायचे, तर तेही काम पुरुषाने लुगडे नेसून करायचे! रंजनाने हा नियम मोडला. 'बिन कामाचा नवरा'मध्ये (१९८४) ती नायिका आहे, सुरेख दिसते आणि हसवतेही. पण तिच्यासारख्या कितीजणी झाल्या?

आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्ये अंगाने जाड मुलीला एकच नाव ठरलेले असे: टुणटुण. सिंधी असो की मराठी, त्यात भेद नाही. मीही एका मैत्रिणीला त्याच नावाने हाका मारल्या आहेत. ही टुणटुण म्हणजे उमादेवी, हे मला फार उशिरा कळले. 'दर्द' (१९४७) चित्रपटातले तिचे गाणे देशभर गाजले. त्या आवाजाने वेडा होऊन एक गृहस्थ मुंबईला आले आणि त्यांनी तिच्याशी लग्न केले, असे सांगतात. पुढे 'बाबुल'पासून (१९५०) ती पडद्यावर आली, टुणटुण झाली आणि नुसती दिसली की लोक हसू लागले. बाई तीच. कानांनी ऐकली तेव्हा मोहिनी, डोळ्यांनी पाहिली तेव्हा विनोद!

आता थोडे स्वतःचे सांगते. लग्नाआधी आम्ही इथल्याच एका जुन्या बराकीत राहत होतो. लष्कराची छावणी, मग फाळणीनंतर निर्वासित सिंध्यांचे घर, आणि पुढे आमच्यासारख्या भाडेकरूंचेही. भिंती अशा पातळ, की शेजारची फोडणी आपल्या घरात ठसका आणी. संध्याकाळी मी शहाड स्टेशनवर होणाऱ्या घोषणांची नक्कल करी, आणि पलीकडच्या भाभींच्या घरातूनही हसणे ऐकू येई. मला पाहायला पाहुणे आले त्या दिवशी आईने बजावले, "आज तेवढं तोंड सरळ ठेव." धाकट्या भावाला कुठला दम! त्याने गळ घातली आणि मी दोन घोषणा करून दाखविल्या. पाहुणे मनापासून हसले. चौथ्या दिवशी निरोप आला: मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण जरा पोरकट वाटते.

ज्यांनी मला पत्करले, त्यांनी मला आधी त्या पातळ भिंतीपलीकडूनच ऐकले होते. तिथे त्यांचा मित्र राहत होता. पण लग्नानंतर कचेरीतली मंडळी घरी यायची होती, तेव्हा हेच म्हणाले, "आज नकला नकोत हं. आपल्या-आपल्यात ठीक आहे." मी मान डोलावली. आपल्या-आपल्यातही मग त्या कमी कमी होत गेल्या. मी रागावले नव्हते. केस विंचरताना आरशात चुकून तोंड वाकडे झाले, तर आपणच ते सरळ करावे, तसे काहीसे झाले.

२०२१ साली वनिता खरातने आपल्या स्थूल देहाचे धीट छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा आमच्या जिन्यात दोन दिवस चर्चा चालली होती. "हिला कोण पाहणार?" असे म्हणणाऱ्या बाईंनी ते फोनवर मोठे करून पाहिले होते!

परवा लेकीला कॉलेजच्या एकांकिकेत बोचऱ्या जिभेच्या म्हातारीचे काम मिळाले. नायिकेसाठीही तिला विचारले होते. हिने म्हातारी मागून घेतली. घरात कोणी काही बोलेना. तिने आरशासमोर काजळाने एक दात काळा केला आणि वळून हसून दाखविले. यांनी माझ्याकडे पाहिले. मी सासूबाईंकडे पाहिले.

सासूबाईंनी चष्मा लावला, नातीची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि म्हणाल्या, "एकानं काय होतंय? समोरचे दोन कर."