ग्रीन कोव्हचा पुतळा: राष्ट्रीय उद्यानातल्या स्मारकाला विरोध कसा होतो

राष्ट्रीय उद्यानात खाण किंवा हॉटेल यायचं म्हटलं, तर विरोध करणाऱ्याला फारसं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. शहीद सैनिकांचं स्मारक यायचं म्हटलं की मात्र जीभ अडखळते. ‘तुम्ही जवानांच्या विरोधात आहात का?’ हा प्रश्न पहिल्याच सभेत येतो. कॅनडात नेमकं असंच घडलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ते स्मारक रद्द झालं. अशा विरोधाचं काम टप्प्याटप्प्यानं कसं चालतं, हे त्या प्रकरणावरून आपण पाहू.

आधी जागा समजून घेऊ. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात केप ब्रेटन हायलँड्स हे सुमारे ९५० चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची स्थापना १९३६ ची. कॅबट ट्रेल नावाचा प्रसिद्ध रस्ता या उद्यानातून जातो. त्या रस्त्यावर अटलांटिक समुद्रात घुसलेलं गुलाबी ग्रॅनाइटचं एक टोक लागतं. हेच ग्रीन कोव्ह. लोक गाडी थांबवतात, खडकापर्यंत चालत जातात, लाटा पाहतात आणि पुढे निघतात.

आता प्रस्ताव. टोरांटोतल्या एका उद्योजकाच्या पुढाकारानं स्थापन झालेल्या संस्थेला इथे ‘मदर कॅनडा’ नावाचा पुतळा उभारायचा होता. परदेशातल्या युद्धांत मरण पावलेल्या आणि घरी न परतलेल्या सैनिकांसाठी समुद्राकडे हात पसरून उभी असलेली आई, अशी ती कल्पना. फ्रान्समधल्या विमी इथे पहिल्या महायुद्धातल्या कॅनेडियन सैनिकांचं स्मारक आहे. त्यावरच्या शोकमग्न स्त्रीवरून ही कल्पना सुचली होती. पुतळ्याची उंची सुमारे २४ मीटर, म्हणजे साधारण आठ मजले. सोबत वाहनतळ आणि पर्यटकांसाठीच्या इतर सोयीही आल्याच. उद्घाटनाचा दिवस ठरला होता १ जुलै २०१७, कॅनडाचा दीडशेवा वाढदिवस.

पहिली पायरी: कायदा त्या जागेबद्दल काय म्हणतो ते वाचणं. कॅनडाच्या २००० सालच्या राष्ट्रीय उद्यान कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की, उद्यानाचा कारभार पाहताना मंत्र्यांनी सर्वांत आधी परिसंस्थेची अखंडता जपायची आहे. परिसंस्थेची अखंडता म्हणजे तिथली मूळ झाडं, प्राणी, माती, पाणी आणि त्यांचे आपसातले व्यवहार धड राहणं. पुढच्या पिढ्यांच्या हाती उद्यान न बिघडवता द्यायचं, हेही त्याच कायद्यात आहे.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे ‘जागा फार सुंदर आहे’ एवढ्यावरच थांबणं. त्यावर ‘आमचा पुतळाही सुंदर आहे’ असं उत्तर येतं आणि वाद आवडीनिवडीचा होऊन बसतो. कलम पुढे केलं की समोरच्यालाही कलमातच उत्तर द्यावं लागतं.

दुसरी पायरी: व्यवस्थापन आराखडा मिळवणं. हा आराखडा म्हणजे पुढच्या काही वर्षांत उद्यानात काय करायचं आणि काय नाही, याचा अधिकृत दस्तऐवज. कॅनडात तो संसदेसमोर ठेवावा लागतो आणि तयार करताना लोकांना सहभागाची संधी द्यावी लागते. उद्यानाचे विभागही पाडलेले असतात: कडक संरक्षणाचा, रानाचा, नैसर्गिक परिसराचा, मैदानी करमणुकीचा आणि सेवासुविधांचा. एखादं बांधकाम कोणत्या विभागात येतं, यावर बरंच काही ठरतं.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: हे स्मारक मंजूर आराखड्यात आहे का? नसेल, तर ते कोणत्या प्रक्रियेनं आत आलं? बहुतेक लोक आराखडा तयार होत असताना लक्ष देत नाहीत आणि पुतळ्याचं चित्र वर्तमानपत्रात आलं की जागे होतात. तोवर अधिकारी आणि प्रस्तावक यांच्यात बरंच बोलणं झालेलं असतं.

तिसरी पायरी: कोण कोणत्या भूमिकेत आहे, हे तपासणं. ग्रीन कोव्हच्या प्रकरणात उद्यानांचा कारभार पाहणारी पार्क्स कॅनडा ही सरकारी संस्था जागेची राखणदार होती आणि परवानगीही तिनंच द्यायची होती. त्याच संस्थेनं प्रस्तावकांना एक लाख डॉलरची मदतही केली होती. लोकांना खटकलं ते हेच. ज्यानं तपासायचं, तोच आधीपासून भागीदार असेल, तर तपासणीवर विश्वास कसा बसणार? असा प्रश्न विचारताना कुणाच्या हेतूवर शंका घेण्याची गरज नसते. पैसे केव्हा, कशासाठी आणि कोणत्या अधिकारात दिले, एवढं विचारलं तरी पुरतं.

चौथी पायरी: परिणामांच्या अहवालावर लेखी हरकत देणं. पर्यावरणीय परिणाम तपासणी म्हणजे बांधकामामुळे जमीन, पाणी, वनस्पती आणि वन्यजीव यांचं काय होईल, याचा आधीच केलेला अभ्यास. कॅनडात त्या वेळी २०१२ चा कायदा लागू होता. त्यात मोठ्या, यादीतल्या प्रकल्पांची तपासणी स्वतंत्र यंत्रणा करायची. यादीबाहेरच्या प्रकल्पाबाबत, जमीन सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेलाच ‘लक्षणीय हानी होणार नाही’ याची खात्री करायची होती. ग्रीन कोव्हचा अहवाल २०१५ मध्ये लोकांच्या अभिप्रायासाठी खुला झाला.

इथे सर्वांत जास्त श्रम वाया जातात. एकच छापील मजकूर हजार जणांनी पाठवला, तर तो बहुधा एकच मुद्दा म्हणून मोजला जातो. त्यापेक्षा अहवालाचं पान आणि परिच्छेद देऊन नेमका प्रश्न विचारावा. खडकाला कितपत सुरुंग लावणार? वाहनतळाचं सांडपाणी कुठे जाणार? दुसऱ्या कोणत्या जागा पाहिल्या? उभारल्यानंतरची देखभाल कोण करणार आणि प्रस्तावक संस्थेचा पैसा संपला तर जबाबदारी कोणावर? शेवटचे दोन प्रश्न साधे वाटतात, पण बहुतेक स्मारकांच्या प्रस्तावात तेच कच्चे असतात.

पाचवी पायरी: योग्य माणसांनी बोलणं. ग्रीन कोव्हसाठी स्थानिक लोकांनी ‘फ्रेंड्स ऑफ ग्रीन कोव्ह’ नावाचा गट उभा केला. त्याहून जास्त वजन पडलं ते पार्क्स कॅनडाच्याच २८ माजी वरिष्ठ व्यवस्थापकांच्या पत्राचं. त्यांनी पर्यावरणमंत्र्यांना लिहून या प्रकल्पाला विरोध केला. ज्यांनी आयुष्यभर हे नियम राबवले, त्यांना ‘नियम कळत नाहीत’ असं कोण म्हणणार? म्हणून आपल्या भागातले निवृत्त वनाधिकारी, अभियंते आणि वनस्पतिशास्त्राचे शिक्षक आधी शोधावेत. घोषणा देणारे नंतरही मिळतात.

सहावी पायरी: पुतळा हवा असणाऱ्यांचं ऐकणं. केप ब्रेटनमध्ये रोजगार बराचसा हंगामी आहे, त्यामुळे पर्यटक वाढतील या आशेनं अनेक स्थानिकांचा स्मारकाला पाठिंबा होता. सैनिकांचा सन्मान मनापासून हवा असणारेही त्यात होते. त्यांना उडवून लावलं, तर विरोध बाहेरच्या लोकांचा ठरतो. ‘स्मारकाला नाही, या जागेला विरोध आहे’ हे वाक्य प्रत्येक पत्रात आणि प्रत्येक सभेत आलं पाहिजे. शक्य असेल तर पर्यायी जागाही सुचवावी: गावातलं मैदान, बंदर, जुनी सरकारी इमारत. त्यामुळे सन्मानाचा प्रश्न आणि जागेचा प्रश्न वेगवेगळे करता येतात.

सातवी पायरी: निर्णय नीट वाचणं. ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीत कॅनडात सरकार बदललं. ५ फेब्रुवारी २०१६ ला पार्क्स कॅनडानं जाहीर केलं की, ती या प्रकल्पावर पुढे काम करणार नाही. कारण काय दिलं? ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण होण्यासाठी लागणाऱ्या बऱ्याच महत्त्वाच्या गोष्टी अजून बाकी आहेत: निधी, अंतिम आराखडा, प्रस्तावक संस्थेच्या रचनेवर एकमत. परिसंस्थेच्या अखंडतेसाठी ही जागा नाकारली, असं त्या निर्णयात म्हटलेलं नव्हतं.

हा फरक महत्त्वाचा आहे. जागा वाचली, पण ‘उद्यानात असं स्मारक चालणार नाही’ हे तत्त्व लेखी मिळालं नाही. त्यामुळे विजयसभा झाल्यावर गट मोडून टाकू नये. पुढच्या व्यवस्थापन आराखड्यात तशी तरतूद यावी म्हणून पाठपुरावा करावा. नाहीतर दुसरा प्रस्ताव दुसरं नाव घेऊन येऊ शकतो.

आपल्या भागातल्या राष्ट्रीय उद्यानात असं काही येत असेल तर? भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या कलम ३५(६) नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय वन्यप्राण्यांचा अधिवास बिघडवता येत नाही. तो परवानाही वन्यजीवांच्या भल्यासाठी आणि चांगल्या व्यवस्थापनासाठी गरजेचा असेल तरच देता येतो. वनजमीन इतर कामासाठी वळवायची असेल, तर १९८० च्या वन कायद्यानुसार वेगळी मंजुरी लागते. अशा प्रस्तावांची माहिती केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येते आणि न मिळालेली कागदपत्रं माहिती अधिकारात मागता येतात.

दाद मागण्याच्या जागेत अनेकांचा गोंधळ होतो. पर्यावरण किंवा वन मंजुरीविरुद्ध अपील राष्ट्रीय हरित लवादाकडे करायचं असतं आणि त्यासाठी मूळ मुदत ३० दिवसांची असते. वन्यजीव कायदा मात्र लवादाच्या यादीत नाही, म्हणून त्यातल्या प्रश्नासाठी उच्च न्यायालयाची वाट धरावी लागते. चुकीच्या दारात महिना गेला, तर बरोबर दार बंद झालेलं असू शकतं.

म्हणून आपल्या जवळच्या उद्यानाचा व्यवस्थापन आराखडा आजच मागून घ्या, वाद पेटण्याआधी वाचा आणि जी हरकत द्याल ती लेखी देऊन तिची पोच जपून ठेवा.